सेकंदाला अकरा हजार वेळा

निमकर काका यंत्राला कान लावायचे तेव्हा अख्ख्या कारखान्याने गप्प बसायचं, हा नियम होता. जून महिना, नोएडाची लू, वर पत्र्याचं छप्पर, आणि काका हात वर करून म्हणायचे, "पंखे बंद." पंखे बंद, कूलर बंद. पॅकिंगच्या बायकांच्या हातातली चिकटपट्टी अर्ध्यात थांबायची. मग काका चष्मा काढून खिशात ठेवायचे, टेबलावरच्या उघड्या यंत्राशी वाकून उजवा कान न्यायचे आणि शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसे उभे राहायचे. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट. आमच्या पाठीवरून घामाचे ओघळ चाललेले, पण कोणाची खोकायची छाती नव्हती. शेवटी ते सरळ व्हायचे, चष्मा लावायचे आणि म्हणायचे, "शांत." मग रजिस्टरमध्ये सही व्हायची आणि पंखे पुन्हा सुरू व्हायचे.

कारखान्यात सगळे त्यांना 'कानवाले अंकल' म्हणत. तिथे मराठी म्हणजे ते आणि मी, त्यामुळे माझे ते काका. तीस वर्षं केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत काढून निवृत्त झालेला माणूस. घरी बसून काकूंचं डोकं खाण्यापेक्षा बरं म्हणून या लहानशा कारखान्यात आला आणि मग कारखाना त्यांच्याशिवाय चालेना. आम्ही यंत्रांच्या आतले सर्किट बोर्ड बनवायचो. पंप, ब्लोअर, आणि दवाखान्यातल्या काचेच्या पेट्या, ज्यात दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ ठेवतात त्या. कुठल्याही यंत्रावर काकांची सही झाल्याशिवाय ते दाराबाहेर जात नसे.

आमची ओळखही कानामुळेच झाली. मी परभणीहून दिल्लीत आले होते ती कलेक्टर व्हायला. इंजिनिअरिंगची पदवी ट्रंकेत टाकून राजेंद्रनगरच्या एका खोलीत तीन वर्षं घासली, तीन वेळा आपटले. रविवारी कोपर्निकस मार्गावरच्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये थालीपीठ खायला जायचे, तेवढंच माहेरपण. तिथे एकदा फोनवर आईला सांगत होते की मी काही परत येत नाही, लोक काय म्हणतील. फोन ठेवला तर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "लोक परभणीत आहेत ना? मग इथे कशाला भितेस? इलेक्ट्रॉनिक्स केलंयस म्हणालीस. मायक्रोकंट्रोलर हाताळलायस कधी?" मी फणकारले, लोकांचे फोन ऐकू नयेत म्हणून. ते शांतपणे म्हणाले, "ऐकलं नाही गं, ऐकू आलं. कान आहेत, काय करू." त्या सोमवारी मी कामावर होते, आणि त्या दिवसापासून त्यांच्यासाठी मी 'कलेक्टरीणबाई' झाले. बोर्ड जाळला की म्हणायचे, "जिल्हा पेटवलात, कलेक्टरीणबाई."

पहिल्या दिवशी त्यांनी मला कारखान्याच्या मोरीत नेलं आणि नळाखाली बादली ठेवली. "समज, पंखा अर्ध्या वेगाने फिरवायचाय. काय करशील?" मी म्हटलं, वीज अर्धी देईन. "म्हणजे नळ अर्धा उघडशील. ही आळशाची रीत. त्यात अर्धी वीज वाटेतच तापून फुकट जाते." मग ते नळ पूर्ण उघडायला आणि पूर्ण बंद करायला लागले, भराभर. माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. "पूर्ण उघड, पूर्ण बंद. चालू किती वेळ नि बंद किती वेळ, एवढंच ठरव, आणि इतक्या झपाट्याने कर की बादलीला पत्ता लागू नये. माझा हात दुखेल, चिपचा दुखत नाही. तिच्या आत टायमर असतो. त्याला दोन आकडे द्यायचे. सेकंदाला किती वेळा, आणि प्रत्येक वेळी त्यातला किती भाग चालू." कॉलेजात याच विषयावर मी आठ मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. समजलं मात्र त्या मोरीत.

भांडण असायचं ते पहिल्या आकड्याशी. उघडझाप सावकाश केली की पंख्याच्या तारा त्या तालावर गुणगुणायला लागतात, कर्णकर्कश शिट्टीसारखं. झपाटा वाढवत नेला की आवाज कानाच्या पलीकडे जातो, पण प्रत्येक उघडझापीला बोर्डावरच्या ट्रान्झिस्टरला थोडा चटका बसतो, आणि तो तापतो. "झपाटा फुकट मिळत नाही," हे काकांचं वाक्य. बाकी सगळे पुस्तकातला ठोकळ आकडा घालून मोकळे होतात. काकांची रीत वेगळी. वरून सुरुवात करायची आणि यंत्राला कान लावून एकेक हजाराने खाली यायचं. जिथे शिट्टी ऐकू येईल तिथे थांबायचं आणि एक पायरी वर चढायचं. "कानाच्या एक पायरी वर. त्याहून वर उगाच ताप." त्यांचे बोर्ड बाजारात सर्वांत थंड असत, आणि आमचे मालक गिऱ्हाइकाच्या हातात बोर्ड देऊन म्हणायचे, "छूके देखिए." काका तेव्हा खिडकीबाहेर बघत उभे राहायचे, पण मिशीत हसू असायचं.

शिकवताना मायेचं बोलणं त्यांना जमत नसे. "बरं आहे" ही त्यांची सर्वोच्च पदवी. मला ती चार वर्षांत दोनदा मिळाली. नवीन बोर्ड झाला की त्याची वायर वीस वेळा उपटून वीस वेळा लावायला सांगायचे, का तर चालू होण्याच्या क्षणी चिप गोंधळलेली असते आणि तेवढ्यात पंख्याला पूर्ण वीज जाऊ शकते. "झोपेतून उठताना कळतो स्वभाव. माणसाचा बघ, चिपचाही बघ." अठराव्या वेळी मी कंटाळून थांबले तर ते स्वतः खुर्ची ओढून उरलेल्या दोन वेळा करायचे आणि दिवसभर माझ्याशी बोलायचे नाहीत. डबा मात्र त्या दिवशीही अर्धा माझ्यापुढे सरकवायचे. काकूंचा मेतकूट-भात असायचा त्यात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

मला तिथे तीन वर्षं झाली होती. काचेच्या पेटीचा नवा बोर्ड झाला. पेटीत एक लहान पंखा असतो, उबदार हवा बाळाभोवती फिरवणारा, आणि तो बाळाच्या उशापासून हातभर अंतरावर. पंखे बंद झाले, कूलर बंद झाला. काका वाकले, मी कीबोर्डवर. अठरा हजार, सतरा, सोळा. चौदापर्यंत काही नव्हतं. तेरावर मला तो आवाज आला. बारावर वाढला. अकरावर पाटीवर नख ओढल्यासारखा झाला, फक्त न थांबणारा. काका म्हणाले, "अजून खाली." दहावर म्हणाले, "हां, आता आला. अकरावर ठेव."

मी अकरा हजार टाकले. माझे दात शिवशिवत होते. काका सरळ झाले आणि म्हणाले, "शांत."

"काका, जरासा..." मी म्हटलं.

"काय जरासा?"

सगळा कारखाना आमच्याकडे बघत होता. घामाने भिजलेली वीसेक माणसं पंखा कधी लागतो याची वाट बघत होती. मी म्हटलं, "काही नाही. डास असेल." काकांनी सही केली, आणि पंख्याच्या घरघरीत तो आवाज बुडून गेला.

मी स्वतःची समजूत घातली. काका म्हणतात शांत, तर शांत. ज्यांनी मला नळ उघडायला शिकवलं त्यांना मी कान शिकवू? आपण बरं, आपलं काम बरं. अशा समजुती मला घरबसल्या सुचतात.

आठ महिन्यांनी गाझियाबादच्या एका नर्सिंग होममधून तक्रार आली. पंखा बघून ये म्हणून मला पाठवलं. तिथली सिस्टर माझ्याहून लहान, बाविसाची असेल. ती म्हणाली, "दीदी, इस पेटी में बच्चा सोता ही नहीं. पुरानी वाली में डालो तो चुप." डॉक्टर पन्नाशीपलीकडचे, ते हसून म्हणाले, आम्हाला तर काही ऐकू येत नाही, लड़की वहमी है. पेटीत तीन दिवसांची एक मुलगी होती, माझ्या पंजाएवढी. ओठ मुडपून रडत होती. रडण्याइतकंही बळ नव्हतं तिच्यात, नुसतं तोंड उघडत होतं. आणि तोच आवाज. सिस्टर माझ्याकडे बघत म्हणाली, "आपको तो आ रही है ना?" मी म्हटलं, "देखती हूँ." तिने उत्तराची वाट पाहिली नाही, बाळाला उचलून जुन्या पेटीत ठेवलं. ते मूल पाच मिनिटांत झोपलं. कोणी माझ्या मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

परत आले आणि काका जेवायला गेलेले बघून जुन्या यंत्रांच्या फायली उघडल्या. प्रत्येकीत तो पहिला आकडा आणि शेजारी काकांची नोंद, 'शांत'. त्यांच्या पहिल्या यंत्रात अठरा हजार होते. मग सतरा. मग दोन यंत्रं सोळा. पंधरा, चौदा, तेरा. एकही आकडा मागच्यापेक्षा वर गेलेला नव्हता. यंत्रं वेगवेगळी, पंखे वेगवेगळे, उतरत होते ते काकांचे कान. दरवर्षी कानाच्या एक पायरी वर थांबताना पायरीच खाली सरकत होती, बोर्ड थंड होत होते, आणि मालक लोकांना हात लावून बघायला सांगत होते. मी त्या फायलींसमोर बसून रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सांगायचं धाडस तरीही झालं नाही. मी गुपचूप नव्या बोर्डात वीस हजार घातले. सुंठीवाचून खोकला जाईल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी काका टेबलापाशी आले, सवयीने बोटाची मागची बाजू ट्रान्झिस्टरला टेकवली आणि थांबले. "हा तापलाय. कोणी हात लावला याला?" त्या बोटापुढे खोटं बोलता येत नसे. मी सगळं सांगितलं. गाझियाबादची सिस्टर, ती मुलगी, फायलींमधले आकडे. मला आवाज आधीपासून येत होता, एवढं सोडून सगळं.

ते रागावले नाहीत. मला वाटलं होतं, ओरडतील. खुर्ची वळवून त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "तू सुरू कर. वरून खाली ये. आला की मी हात वर करतो." मी वीसपासून निघाले. पंधरा, तेरा, अकरा. पाठ हलली नाही. शर्टाची कॉलर झिजली होती, ती मी पहिल्यांदाच पाहिली.

"लाव की," ते म्हणाले.

"लावलंय काका."

"कधीपासून?"

"मघापासून."

दहाही गेले, आणि नऊवर त्यांचा हात वर झाला. आठ महिन्यांपूर्वी त्यांना दहावर ऐकू आलं होतं. हात तसाच वर ठेवून ते बराच वेळ बसले. मग म्हणाले, "गुडगावला नातीला ताप आला की थर्मामीटर वाजतो. काकू म्हणते वाजला, मी म्हणतो कधी? मला वाटलं, घरातलं म्हातारपण वेगळं आणि कामातलं वेगळं."

दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. पंखे बंद करून पेटीचा जुना बोर्ड लावला आणि एकेकापाशी जाऊन विचारलं, "आवाज़ आती है?" पॅकिंगची सुनीता म्हणाली, "आती तो है अंकल. मुझे लगा ऐसी ही होती है." सोल्डरिंगवाला इरफान म्हणाला, "आपने शांत बोल दिया था, तो हमने सोचा होगी शांत." तीन-चार जणांना येत नव्हता, बाकी सगळ्यांना येत होता. सगळ्यांना पहिल्या दिवसापासून येत होता. काका म्हणाले, "इतनी इज्जत करते हो मेरी? थोड़ी कम करते यार." सगळ्यांना विचारून झालं आणि ते आपल्या टेबलाकडे गेले. मला त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर मालकांच्या केबिनमध्ये आम्ही तिघेच होतो. मालक वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. एकोणतीस पेट्या दवाखान्यांत गेल्या होत्या. ते म्हणाले, "निमकर जी, आपसे पहले यह बात किसे मालूम थी?" काकांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा लावला आणि मग म्हणाले, "किसी से मत पूछिए सर. साइन मेरा है. गलती मेरी है. इस लड़की ने पकड़ी है." मालक माझ्याकडे वळले. "शाबाश बेटा." आणि मी म्हटलं, "थँक्यू सर." तोंडात मिठाची गुळणी धरली असती तरी परवडलं असतं. मी थँक्यू म्हटलं.

एकोणतीस पेट्यांपाशी काका स्वतः गेले. गाझियाबाद, फरीदाबाद, मेरठ रोड. मेट्रो, मग रिक्षा, मग पायी. मी बरोबर असायचे, नवा आकडा घालायला आणि बोर्डामागे धातूची थोडी मोठी पट्टी बसवायला, म्हणजे ट्रान्झिस्टर तापला तरी सोसेल. काम झालं की काका तिथली सर्वांत तरुण सिस्टर शोधायचे, तिला पेटीला कान लावायला सांगायचे आणि रजिस्टरमध्ये सहीच्या जागी तिचं नाव लिहायचे. मग डॉक्टरांना हात जोडायचे. बहुतेक डॉक्टर म्हणायचे, अहो, एवढं काय, बाळं रडतातच. काका म्हणायचे, "नहीं डॉक्टर साहब, हमारी वजह से रोते थे." त्या बाळांचं पुढे काही बिघडलं का, हे आम्हाला कोणी सांगू शकलं नाही. बिघडलं नसावं. पण हे 'नसावं' घेऊन मी आज इतकी वर्षं फिरते आहे.

शेवटची पेटी झाली त्या आठवड्यात काकांनी काम सोडलं. मालकांनी थांबवलं, सल्लागार म्हणून राहा म्हणाले. काका म्हणाले, "कान गया तो अंकल क्या करेगा?" त्यांचं टेबल मला मिळालं, रजिस्टरही मिळालं. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला तिसऱ्यांदा "बरं आहे" म्हटलं, कशाबद्दल ते सांगितलं नाही. ते आणि काकू मुलीकडे गुडगावला राहायला गेले.

काका गेल्या वर्षी गेले. त्याआधी दोनेक महिने मी त्यांना भेटायला गेले होते. चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट. नात आली आणि तिने आजोबांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "आजोबा, कोई मावशी आई हैं." दोन्ही कानांत यंत्रं होती. मी हसून म्हटलं, यात पण आपलाच टायमर असेल. ते म्हणाले, "असेल. भिकार आवाज येतो, सगळं पत्र्यावर बोलल्यासारखं." मग काकू चहा करायला आत गेल्या, नात मोबाइल घेऊन बसली, आणि ज्यासाठी मी इतकी वर्षं टाळत टाळत शेवटी आले होते ते बोलायची वेळ आली.

"काका," मी मोठ्याने म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना विचारलंत. मला नाही विचारलंत."

"तुला कशाला विचारू? मला माहीत होतं."

"कसं?"

"तेरावर तुझा खांदा वर गेला. दोन्ही हात कीबोर्डवर, मग कान झाकणार कशाने? खांद्याने झाकलास. मी समोरच होतो. मला तेराला काहीच येत नव्हतं. तुझा खांदा बघून कळलं की आवाज आहे. तिथेच थांबलो असतो तर तुम्हा सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं. नाही थांबलो. अकरावर सही केली."

इतकी वर्षं मी एकटीच चोर आहे असं समजत होते. मग रडू आलं, आणि रडता रडता विचारलं, "मग मालकांसमोर माझं नाव का नाही घेतलंत? मला सुद्धा माहीत होतं, एवढंच तर सांगायचं होतं."

काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. बोटं अजून तशीच होती, कोरडी आणि गरम.

"ते मी कसं सांगणार? ते तुझं सांगायचं होतं," ते म्हणाले. "मालकांनी विचारलं ना, किसे मालूम थी, तेव्हा मी थांबलो होतो. मला वाटलं, तू बोलशील."

मी खाली बघत होते.

"बराच वेळ थांबलो होतो गं," ते म्हणाले.